चरांवरची बाग

ऑगस्ट संपत आला की मॅसॅच्युसेट्समधल्या गावांत घरांमागची हिरवळ पिवळी पडू लागते. दोन-तीन आठवडे पावसाने ओढ दिलेली असते, गवत पायाखाली कुरकुरायला लागतं. याच दिवसांत काही परसांत जमिनीखालचा नकाशा वर येतो. वाळल्या गवतात सारख्या अंतरावर चार-पाच सरळ हिरवे पट्टे उमटतात. त्यांच्या अलीकडे, घराच्या बाजूला, एक चौकोन मात्र बाकीच्या गवताच्याही आधी करपून तपकिरी झालेला असतो. चौकोनाखाली काँक्रीटची टाकी आहे. तिच्यावर मातीचा थर पातळ, म्हणून तिथलं गवत सर्वांत आधी तहानतं. हिरव्या पट्ट्यांखाली चर आहेत, आणि घरातलं सांडपाणी त्यांतून हळूहळू मातीत मुरतंय. भर पावसाळी हिरव्या दिवसांत यातलं काहीच ओळखू येत नाही. ओढ बसली की सगळं दिसायला लागतं.

अमेरिकेत साधारण पाचातल्या एका घराचं सांडपाणी गावाच्या गटारात जात नाही, घराच्याच जमिनीत जिरतं. न्यू इंग्लंडमध्ये शहरं मागे टाकून थोडं आत गेलं, एकेक घर एकरभर जागेत ओक-मेपलच्या रानात विखुरलेलं दिसू लागलं, की बहुतेक घरांची हीच व्यवस्था. स्वयंपाकघर, न्हाणीघर, संडास, कपडे धुण्याचं यंत्र, सगळ्यांचं पाणी एका पाइपातून सेप्टिक टँकमध्ये येतं. ‘टायटल फाइव्ह’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मॅसॅच्युसेट्सच्या नियमांनुसार नव्या टाकीत किमान १,५०० गॅलन, म्हणजे जवळजवळ ५,७०० लिटर पाणी मावायला हवं. जड गाळ तळाशी बसतो, तेलकट साय वर तरंगते आणि मधलं पाणी पुढे चरांकडे जातं. घराचा पसारा इथे माणसांवरून मोजत नाहीत, झोपायच्या खोल्यांवरून मोजतात. दर बेडरूममागे दिवसाला ११० गॅलन धरतात. घरात दोनच म्हातारी माणसं राहत असोत की सुट्टीत लेकी-सुना-नातवंडांनी घर भरलेलं असो, जमिनीने तेवढी तयारी ठेवायची.

एक चर जवळून पाहण्यासारखा असतो. तळाला धुतलेली खडी, खडीत भोकं पाडलेला पाइप, त्यावर पुन्हा खडी, मग कापडाचा थर आणि त्यावर माती. ही वरची माती कधी जेमतेम नऊ इंच असते, कधी तीन फुटांपर्यंत. खडी संपून जमीन सुरू होते तिथे काही महिन्यांत काळसर, बुळबुळीत थर धरतो. त्याला बायोमॅट म्हणतात. हा थर जिवंत असतो, जीवाणूंनी आणि त्यांच्या चिकट स्रावाने बनलेला. तो पाण्याला घाई करू देत नाही. पाणी थेंबाथेंबाने खाली उतरतं, आणि तिथल्या मोकळ्या, हवेशीर मातीत दुसरे जीवाणू त्यातली घाण खाऊन टाकतात. रोगजंतू मातीच्या कणांना चिकटून राहतात आणि मरतात. थर पातळ राहिला तर ती गाळणी, नको इतका वाढला तर तेच बूच. म्हणून चरांवर गाडी लावायची नाही, फरशी घालायची नाही, प्लॅस्टिक अंथरायचं नाही. मातीला हवा हवी.

ही जागा ठरवण्याआधी माणसं तिथे खड्डा खणून मातीची परीक्षा घेतात. खड्ड्यात पाणी भरतात, माती भिजू देतात आणि मग पाण्याची पातळी एक इंच उतरायला किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून बघतात. तासाभरापेक्षा जास्त लागली तर ती जमीन नापास. त्याहून विलक्षण काम असतं ते खड्ड्याच्या भिंती वाचण्याचं. जाणकार माणूस खड्ड्यात उतरतो, चाकूने भिंत खरवडतो आणि राखाडी मातीतले गंजाच्या रंगाचे ठिपके शोधतो. पाणी जिथे वर्षातले काही महिने साचून राहतं, तिथल्या मातीतलं लोह असे ठिपके सोडून जातं. एप्रिलमध्ये बर्फ वितळल्यावर भूजल कुठपर्यंत चढतं, हे त्या माणसाला ऐन ऑगस्टच्या कोरड्या खड्ड्यात वाचता येतं. त्या खुणेच्या वर निदान चार फूट कोरडी माती सोडूनच चरांचा तळ आखतात. एवढं सगळं झाल्यावर, वर माती लोटून, गवताचं बी फेकून यंत्रं निघून जातात. तिथे आता काय लावायचं, हा प्रश्न घरच्या माणसांवर सोपवलेला असतो.

आणि तो प्रश्न सोपा नसतो, कारण परसातली सगळ्यांत चांगली जागा बहुधा हीच. चरांसाठी झाडं तोडलेली असतात, म्हणून दिवसभर ऊन असतं. जमीन दगडगोटे काढून सपाट केलेली. नवं घर घेतलेलं मराठी जोडपं खिडकीतून त्या उन्हाच्या तुकड्याकडे बघतं आणि मनात झाड उभं राहतं. आंबा-फणस या थंडीत जगायचे नाहीत, पण सफरचंद चालेल, पेअर चालेल. खाली चार खुर्च्या मांडता येतील. घर म्हणजे दारात झाड, हे इतक्या लहानपणापासून डोळ्यांत बसलेलं असतं की कुणी वेगळं काही म्हणेल असं वाटतही नाही. मग घराच्या कागदपत्रांत टाकीचा आणि चरांचा आराखडा सापडतो, आणि कुणीतरी सांगतं, इथे झाड नाही लावायचं.

विलो नको, पॉपलर नको, मेपल नको, एल्म नको, बर्च नको. या यादीतली सगळीच झाडं देखणी आहेत. त्यांचा दोष एवढाच की त्यांना पाण्याचा माग लागतो. मुळाचं टोक ओलाव्याकडे वळतं, हे वनस्पतिशास्त्रात जुनं, सिद्ध झालेलं निरीक्षण आहे. पाइपाच्या भोकातून आत शिरणारं मूळ सुरुवातीला दोऱ्याएवढंही जाड नसतं. आत त्याला पाणी मिळतं, खत मिळतं, अडवणारी माती नसते. मग त्याला फाटे फुटतात, फाट्यांना फाटे, आणि दोन-चार वर्षांनी पाइप कापून काढला तर आतून भिजलेल्या लोकरीच्या लडीसारखा तपकिरी, घट्ट गुंता बाहेर येतो. झाडाने वाईट काही केलेलं नसतं. त्याला जगायचं असतं, आणि आयुष्यभराची सोय त्याच्या मुळाशी कुणीतरी पुरून ठेवलेली असते.

कोकणातल्या परसात याच्या नेमकं उलट घडत आलं. न्हाणीघरातलं पाणी पाटाने मागे काढलेलं, आणि त्या पाटाच्या तोंडाशी केळीचं बेट. मोरीच्या पाण्यावर अळू. थोडं पुढे कर्दळ, एखादी पपई. तिथे झाड निवडायची कसोटीच तहान होती. जे झाड जास्त पाणी पितं ते मोरीच्या जवळ, जे कमी पितं ते लांब. केळीच्या मोठ्या पानांतून दिवसभर पाणी हवेत उडून जायचं, परसात चिखल साचायचा नाही, डास कमी व्हायचे आणि घराला केळफूल मिळायचं. हे जमायचं, कारण बुजायला तिथे पाइपच नव्हता. पाट उघडा होता. तो तुंबला तर घरातलं कुणीतरी खुरपं घेऊन दोन मिनिटांत मोकळा करायचं. पुढे सेप्टिक टँक आले, जांभ्यात शोषखड्डे खणले गेले, पाणी डोळ्यांआड गेलं. पण केळीची जागा बऱ्याच घरांत तीच राहिली.

तहानेचा असा सरळ उपयोग करून घेणारे प्रयोग शास्त्रज्ञांनीही केले. जर्मनीतल्या कॅथे सायडेल या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी १९५०च्या दशकात प्लोन इथल्या माक्स प्लांक संस्थेत पाणवनस्पतींना सांडपाण्यात वाढवून पाहिलं. ती झाडं नुसती जगलीच नाहीत, त्यांच्या मुळांभोवती पाणी स्वच्छ होत गेलं. नागपूरच्या नीरी या संस्थेने विकसित केलेल्या फायटोरिड पद्धतीत खडीच्या वाफ्यांमध्ये कर्दळ, पाणकणीस अशी झाडं लावून त्यांच्या मुळांतून सांडपाणी फिरवतात. मुंबई विद्यापीठाच्या कलिना परिसरात असा प्रकल्प आहे. आणि डेन्मार्कमध्ये तर चक्क विलो लावतात. खोल खड्ड्याला सगळीकडून अस्तर घालायचं, माती भरायची, विलोंच्या रांगा लावायच्या आणि घरातलं पाणी आत सोडायचं. बाहेर एक थेंब जात नाही. वर्षभरातलं पाणी विलो पिऊन हवेत सोडतात, आणि दर काही वर्षांनी त्यांच्या फांद्या छाटतात. मॅसॅच्युसेट्सच्या यादीत पहिल्या क्रमांकाला नाकारलेलं झाड डेन्मार्कमध्ये सगळा भार उचलतं. झाड तेच, तहान तीच. खाली काय पुरलंय यावर तिची किंमत ठरते.

तर मग या चरांवर लावायचं काय? बारीक, तंतूंची मुळं असलेलं, सारखं पाणी न मागणारं, वर्षानुवर्षं पुन्हा खणावं न लागणारं. हा कस लावल्यावरही जी यादी हाती येते ती गरीब नाही. उन्हासाठी लिटल ब्लूस्टेम नावाचं तिथलं मूळचं गवत आहे. उन्हाळ्यात ते निळसर हिरवं असतं, ऑक्टोबरात तांब्याच्या रंगाचं होतं, आणि त्याच्या काड्यांवर पांढऱ्या तुसांचे झुबके संध्याकाळच्या तिरप्या उन्हात पेटल्यासारखे दिसतात. झाडांच्या सावलीकडच्या कडेला पेन्सिल्व्हेनिया सेज, मऊ, लोळणारी, कापायची गरज नसलेली. जमिनीला बिलगून वाढणारी रानस्ट्रॉबेरी. पिवळी ब्लॅक-आइड सूझन, जांभळे अ‍ॅस्टर, मधमाश्यांना वेड लावणारं बी बाम. बर्फ सरल्यावर पहिले येणारे डॅफोडिल, ज्यांना हरणं तोंड लावत नाहीत. लावतानाही हात राखून लावायचं: छोटं खुरपं, हातमोजे आणि उथळ आळं. वरून मातीचे ढीग टाकायचे नाहीत, कारण जाड थराखाली हवा पोचत नाही. पाणी घालायची नळीही नको. खालच्या मातीला आधीच पाण्याचं काम पुरेसं आहे.

भाजीचा मोह सगळ्यांत मोठा. मेथी, कोथिंबीर, मुळा, गाजर यांना एवढं ऊन परसात दुसरीकडे मिळत नाही. पण सांडपाणी जिरतं त्या मातीतलं कंद-मूळ खायचं नाही, आणि जमिनीलगतच्या पालेभाजीवर पावसाने उडालेली माती बसते म्हणून तीही नको. त्यामुळे मराठी घरांत भाजीचे वाफे घराच्या बाजूच्या अरुंद पट्टीत किंवा गाडीच्या वाटेकडेला जातात. अळू मोठ्या कुंडीत असतं आणि पहिल्या हिमाच्या आत त्याचे कांदे काढून तळघरात ठेवतात. कढीपत्ता मे महिन्यात बाहेर येतो, सप्टेंबरच्या शेवटी आत जातो. उन्हाचा सगळ्यांत चांगला तुकडा फुलांना आणि गवताला देऊन खायच्या झाडांना कुंड्यांत फिरवत राहायचं, हे एखाद्या कोकणी आजीला पटणं अवघड आहे. पाण्याचा थेंब आणि उन्हाची तिरीप वाया जाऊ न देणं हा तिचा आयुष्यभराचा नेम.

आणखी एक काम या बागेत दरवर्षी येतं, ते मे-जून महिन्यात. लाल मेपलचं बी वसंतातच पिकतं, एका पंखावर गरगरत खाली येतं आणि लगेच रुजतं. लिटल ब्लूस्टेमच्या झुबक्यांमधून एके सकाळी बोटभर उंचीची रोपं उभी असतात. लालसर देठ, दोन कोवळी पानं, कधी टोकाला बियांचा वाळका पंख अजून चिकटलेला. चिमटीत धरून ओढलं की पांढरं, सरळ मूळ मातीतून सहज सुटून येतं. पुढच्या वर्षी तेच रोप दोन्ही हातांनी ओढावं लागतं. त्याच्या पुढच्या वर्षी फावडं लागतं, आणि इथे फावडं चालवायचं नसतं. म्हणून वेळेवर चिमटीने उपटायचं, आणि वसंताच्या तोंडावर वर्षातून एकदा सगळं गवत उंचावरून कापायचं.

हे केलं नाही तर तिथे रान होतं. न्यू इंग्लंडच्या जमिनीला रान व्हायची ओढच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर या प्रदेशाचा बराचसा भाग झाडं तोडून कुरणं आणि शेतं केलेला होता. शेतातून निघालेल्या दगडांच्या भिंती मैलोन्‌मैल रचल्या होत्या. पुढे शेतकरी पश्चिमेकडे गेले, गिरण्यांत गेले, आणि सोडलेल्या कुरणांवर पाइन, बर्च, मेपल परत आले. आज त्या भिंती दाट जंगलात, कशाचीच हद्द न आखता उभ्या दिसतात. कुरणं गेली तशी कुरणात घरटी करणारी बोबोलिंकसारखी पाखरंही कमी झाली. चरांवरचा तुकडा इतका लहान असतो की तिथे बोबोलिंक येणार नाही. पण मधमाश्या येतात, मोनार्क फुलपाखरं दक्षिणेकडे जाताना अ‍ॅस्टरवर थांबतात. सांडपाण्याच्या नियमाने, दुसऱ्याच कारणासाठी, रानाच्या मधोमध कायमचं उघडं ठेवलेलं हे छोटंसं कुरण आहे. कुणी ते कुरण म्हणून राखायचं ठरवलं नव्हतं, तरी दरवर्षी कुणीतरी मेपलची रोपं उपटून ते राखत असतं.

या फुलांनी सांडपाणी शुद्ध होतं असं मात्र म्हणता येत नाही. काम करतात ती माती आणि तिच्यातले जीव. झाडं त्यातला थोडा नायट्रोजन उचलतात, तोही उन्हाळ्यात, वाढीच्या दिवसांत. उरलेला पाण्याबरोबर पुढे जातो. केप कॉडच्या वाळूत हे फार स्पष्ट दिसतं. हिमनद्यांनी मागे सोडलेली ती वाळू पाणी झरझर खाली नेते, आणि घराघरांतला नायट्रेट तळ्यांत आणि खाड्यांत पोचतो. तिथे शेवाळ माजतं, पाण्याखालचं समुद्रगवत मरतं. २०२३ साली मॅसॅच्युसेट्सने अशा भागांसाठी नवे, कडक नियम आणले. परसातल्या फुलझाडांकडून एवढ्या मोठ्या दुरुस्तीची अपेक्षा करणं त्यांच्यावर अन्याय होईल. खालचं काम चालू असताना त्यात अडथळा न आणणं, मातीची धूप थांबवणं, तिला हवा लागू देणं, हे त्यांचं काम. तेवढं ती मन लावून करतात.

झाकण्याची हौस इथे आवरावी लागते. टाकीच्या तोंडावरची हिरवी प्लॅस्टिकची झाकणं हिरवळीतून वर डोकावतात आणि बघणाऱ्याला खटकतात. त्यांच्याभोवती झुडपांचं कुंपण करावंसं वाटतं. पण दर तीन ते पाच वर्षांनी उपसणारी गाडी येते, तिची जाड नळी त्याच झाकणांतून आत जाते. वाट मोकळी असली तर अर्ध्या तासात काम होतं आणि कुणालाही आत उतरावं लागत नाही. भारतात कितीतरी इमारतींत हे झाकण फरशीखाली, कुंड्यांखाली दडपलेलं असतं, आणि शेवटी कुणाला तरी आत उतरवलं जातं. २०१३च्या कायद्याने अशा कामाला बंदी घातली, तरी टाकीत गुदमरून मेलेल्या माणसांच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. त्या वाचणाऱ्या माणसाला मग झाकणाजवळची मोकळी हातभर जागा कुरूप वाटत नाही.

कोकणात या प्रश्नाला थेट हात घालणारा माणूस होऊन गेला. सीताराम पुरुषोत्तम ऊर्फ अप्पासाहेब पटवर्धन. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी मागणी केली की सफाईचं काम मला करू द्या, आणि ती नाकारल्यावर उपोषण केलं. येरवड्यात असलेल्या गांधीजींनी त्यांच्यासाठी स्वतः उपोषण सुरू केलं. पुढे १९४८ साली कणकवलीजवळ अप्पांनी गोपुरी आश्रम उभा केला आणि मैल्याचं खत करण्याचे प्रयोग तिथे केले. एका जातीच्या डोक्यावर लादलेली घाण मातीच्या स्वाधीन करायची, म्हणजे ती शेतात खत म्हणून परत येईल आणि माणूस मोकळा होईल, असा त्यांचा आग्रह होता. मॅसॅच्युसेट्समधल्या चरांशी गोपुरीचा काही संबंध नाही. पण आपल्या घरातलं पाणी आपल्याच जमिनीत कुठे जातं हे ठाऊक असणं, त्या जागेची किळस न करता तिथे खुरपं घेऊन बसणं, ही सवय अप्पांना आवडली असती.

हिवाळ्यात इथली फुलं वाळून उभी राहतात, ती कापायची घाई करायची नाही. अ‍ॅस्टरच्या काड्या, ब्लूस्टेमचे झुबके बर्फ धरून ठेवतात, आणि बर्फाची रजई खालचे पाइप गोठू देत नाही. मिनेसोटासारख्या त्याहून थंड राज्यात तर गवत शरदात उंच ठेवा, चरांवर चालून किंवा स्नोमोबिल फिरवून बर्फ दाबू नका, असा सल्ला देतात. घर दोन महिने बंद राहणार असेल आणि कोमट पाणी खाली जायचं थांबणार असेल, तर पेंढा पसरायला सांगतात.

मॅसॅच्युसेट्सच्या नियमांत आणखी एक तरतूद आहे. नवं घर बांधताना चरांची जागा एकदा नव्हे, दोनदा आखायची असते. एक आजची, दुसरी राखीव. माती कितीही चांगली असली तरी कधीतरी थकते, बायोमॅट दाटतो, आणि सगळं नव्याने खणावं लागतं. तो दिवस उगवला तर जागा हवी, म्हणून त्या राखीव तुकड्यावर काही पक्कं बांधता येत नाही. घराच्या आराखड्यावर तो तुटक रेघांनी दाखवलेला असतो, आणि परसात तो नुसता गवताचा असतो. चालत्या चरांपासून तो पुरेसा लांब असेल तर मनात पुन्हा झाड डोकावतं. सफरचंद नको, ते पन्नास वर्षं राहतं आणि तोडताना जीव तुटतो. पीच लावता येईल का? पीच तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळ देतं आणि त्या थंडीत बारा-पंधरा वर्षांत आपणहून थकतं. त्याचं सगळं आयुष्य कदाचित चर बदलायच्या आत बसेल, कदाचित बसणार नाही. मार्चमध्ये रोपवाटिकांच्या याद्या येतात. आतला फणसासारखा पिवळा गर असलेली जात की पांढऱ्या गराची, याची चर्चा स्वयंपाकघरात सुरू होते, आणि टेबलावर आराखडा उलगडलेला असतो.